कडता

नांदेडला, बॅटऱ्यांच्या दुकानावर, लोखंडी जिना,
दहा बाय अकराची खोली, खिडकीला काळं कापड.
टेपचं मशीन हैदराबादहून भाड्यानं आणलंय,
रात्रीच्या गाडीनं, गोधडीत गुंडाळून,
मुजीब त्याला मांडीवर घेऊन बसला होता.

कॅमेरा त्याच्या मेव्हण्यानं शिकागोहून पाठवलेला,
सेकंदाला तीस चित्रं काढतो.
इथली टेप पंचवीसच घेते.
हे आम्हाला कळलं
वसमतच्या हळदीचं सगळं शूटिंग उरकल्यावर.

मागच्या खुर्चीत मन्मथप्पा,
चाळीस वर्षं आडत, नखांत अजून पिवळं.
पडद्यावरही तेच.
रुमाल बाजूला ठेवून, जन्मात एकदाच,
उघड्यावर दाखवतात
रुमालाखाली सौदा कसा होतो.

"काय करायलीस माय?"
तिसातली पाच काढायलेय, दर सेकंदाला.
वेळ तेवढीच राहते अप्पा, बावीस मिनिटं.
ते पुढं सरकून बसले.
"म्हंजे माप तेच, माल कमी.
मग कडता म्हण की सरळ."

आणि खरं सांगायचं तर तीसही पुरे तीस नाहीत,
एकोणतीस रुपये सत्त्याण्णव पैसे समजा.
"आसंच आसतंय. पोतं भरतानाच
चिमूटभर सांडलेलं आसतंय."

दुसरी एक सोय आहे: काढायचं नाही, मिसळायचं,
शेजारच्या दोन चित्रांचं एक.
काल तसं करून बघितलं
तर बोटांना बोटांच्या सावल्या फुटल्या,
अप्पांच्या पंजाला सात, एकदा तर नऊ.
"हा खोटा भाव झाला. काढूनच टाक."

काढलं.
मग ती जागा आली:
चार बोटं दाबून झाल्यावर
करंगळी टेकते आणि लगेच सुटते,
जेमतेम एका चित्रापुरती.
मशीननं नेमकं तेच उचललं होतं.
"पाच दाबलेत मी," अप्पा म्हणाले. "तुझ्यात चारच."
मी मागे गेले, एकेक चित्र हातानं सरकवत,
करंगळी परत आणली
आणि तिच्या बदल्यात शेजारचं एक सोडलं,
ज्यात पोतं उचलणाऱ्या हमालाचा
अर्धा खांदा होता.
खांद्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

सव्वाचारला लाईट जाते.
टेपवर उतरवताना घाई चालत नाही,
बावीस मिनिटांना बावीस मिनिटंच लागतात.
आधी रंगपट्ट्या, मिनिटभर सपाट शिट्टी,
मग टेपच्या घड्याळात दहा वाजतात.
तिथं प्रत्येक कार्यक्रम दहालाच सुरू होतो.
बाहेर तीन एकावन्न.
मुजीब जिन्यात, मीटरच्या चाकाकडं टक लावून,
जणू नजर काढली की ते थांबेल.

हळद ओतली जाते. ढीग. चाळणी. पुन्हा ढीग.
मी हिशेब करत बसते, दुसरं काही करण्यासारखं नाही.
सहा हजार सहाशे चित्रं गेली.
एका जागी ठेवली असती तर
तीन मिनिटं चाळीस सेकंद भरली असती.

"हा कडता जातो कुणाला?" अप्पा विचारतात.
"आमच्याकडं सांजच्याला झाडणाऱ्या बाया येतात,
सांडलेलं सुपात ओढून नेतात.
एकीनं तेवढ्यावर पोरीचं लग्न केलं.
तुझ्याकडं कोण येतंय?"

मला सांगता आलं नाही.

चार तेरा. शेवटचं नाव माझं,
दैवशाला, त्यातही काना राहिलेला,
आता दुरुस्त होत नाही.
मग काळं.
जिन्यातून मुजीबचं एकच "हौ!"
तीन मिनिटांनी लाईट गेली,
टेप माझ्या हातात, भाकरीसारखी गरम.

अंधारात अप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं,
माझ्या हातावर टाकलं,
खालून बोटं आली आणि गेली.
"सांग, किती?"

दिवसभर सेकंदाचे पंचवीस तुकडे करते मी.
"चार," म्हणाले.

ते हसले, उपरणं झटकलं,
आणि कठडा चाचपत
जिना उतरायला लागले.